खाटेभोवतीचं हातभर अंतर: आजारी वृद्धांच्या सेवेत नव्यानं आलेल्यांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुलं नोकरीसाठी पुण्याला, नाशिकला, सुरतेला जातात. मागे राहिलेले आईवडील थकले की कधीतरी त्यांना शुश्रूषा केंद्रात आणावं लागतं. कोणी पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेलं असतं, कोणाचं खुब्याचं हाड मोडलेलं असतं, कोणाला स्वतःचं नाव आठवत नाही. त्यांची सेवा करायला नव्यानं येणाऱ्यांपैकी काहींचं एएनएम (साहाय्यक परिचारिकेचा अभ्यासक्रम) झालेलं असतं, काहींनी घरी आजीला सांभाळलेलं असतं, तर काहींनी आजवर कोणाचं लघवीचं भांडंही हातात धरलेलं नसतं. अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. अशा ठिकाणी बरेचसे जंतू आपल्या हातांवरून फिरतात, आणि खाटेवर पडल्यापडल्या आजी-आजोबांचा हात जिथवर पोचतो तिथल्या वस्तूंवर थांबतात. खाटेचा कठडा, लॉकर, पाण्याचा ग्लास, बेल, उशीखालची पिशवी. पण हेच हातभर अंतर म्हणजे त्या माणसाचं उरलेलं घर असतं. चाळीस-पन्नास वर्षांचा संसार मागे ठेवून आलेल्या बाईकडे आता एक लॉकर आणि एक पिशवी उरलेली असते. तिथे हात घालताना जंतूंची आठवण ठेवायची, तशी तिच्या मनाचीही ठेवायची. दोन्ही सांभाळता येतं. ते कसं, हेच इथे सांगायचं आहे.

आधी हात

हात धुण्याचे पाच प्रसंग जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेले आहेत आणि जगभर तेच शिकवले जातात. माणसाला हात लावण्याआधी. जखम, कॅथेटर (लघवीची नळी), इंजेक्शन अशा स्वच्छ कामाआधी. लघवी, शी, रक्त, थुंकी यांचा संपर्क आल्यावर. माणसाला हात लावून झाल्यावर. आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावर. पहिले चार बहुतेकांच्या लक्षात राहतात, पाचवा राहत नाही. नुसती उशी सरळ केली, लॉकरवरचा चष्मा उचलून दिला, कठडा वर केला आणि तसंच पुढच्या खाटेकडे गेलं, असं दिवसभर चालतं. जंतूंना एवढं पुरतं.

साबण-पाण्यानं हात धुवायला सुरुवातीपासून पुसेपर्यंत 40 ते 60 सेकंद लागतात, सॅनिटायझर चोळायला 20 ते 30. अंगठा, बोटांची टोकं आणि बोटांच्या बेचक्या घाईत सुटतात, तिथे मुद्दाम चोळा. हात डोळ्यांना मळकट दिसत असतील किंवा जुलाब झालेल्या माणसाजवळून आला असाल, तर सॅनिटायझरवर भागवू नका. जुलाबाच्या काही जंतूंवर त्याचा पुरेसा परिणाम होत नाही, तिथे साबण आणि वाहतं पाणीच लागतं.

आता बांगड्यांविषयी. आपल्याकडे लग्न झालेल्या मुलीला काचेच्या बांगड्या उतरवायला सांगणं अवघड जातं, हे मला ठाऊक आहे. पण कोपराखाली काही असलं की मनगट नीट धुतलं जात नाही, शिवाय बांगडी फुटली तर आजीची पातळ कातडी फाटते. ड्यूटीपुरत्या तरी त्या काढून डबीत ठेवा. मनगटाला बांधलेला धागा दिवसभर ओला राहतो आणि तोच ओला धागा एका जखमेवरून दुसऱ्या जखमेवर जातो, म्हणून तोही नको. नखं कापलेली हवीत. मेंदी चालेल, नेलपॉलिश नको.

हातमोजे घातले म्हणजे हात धुतले, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. मोजे एका माणसाच्या एका कामापुरते असतात. आबांचं डायपर बदललेल्या मोज्यांनी त्यांच्याच नाकातल्या नळीला हात लावायचा नाही. मोजे काढले की पुन्हा हात धुवायचे.

पाण्याचं काय करायचं

पुस्तकात "वाहत्या पाण्याखाली" असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे बऱ्याच गावांत नळाला रोज पाणी येत नाही, उन्हाळ्यात तर ड्रम भरून ठेवून दिवस काढावे लागतात. म्हणून मग बादली आणि तांब्या येतो, आणि तिथेच घात होतो. मळक्या हातानं तांब्या उचलला, बादलीत बुडवला, हात धुतले, तांब्या पुन्हा बादलीत. त्यानंतर त्या बादलीत हात धुणारा प्रत्येक जण आधीच्या हातावरचं पाणी वापरतो. उपाय फार स्वस्त आहे. तोटी बसवलेला झाकणाचा ड्रम किंवा बादली स्टुलावर ठेवा, खाली सांडपाण्याला दुसरी बादली ठेवा. शक्य तर कोपरानं उघडता येईल अशी लांब दांड्याची तोटी लावून घ्या. केंद्रात ही सोय नसेल तर पहिल्याच आठवड्यात मागा. मागायला लाजू नका, ही चैन नव्हे.

साबणाची वडी ओल्या भांड्यात बुळबुळीत होऊन पडते. जाळीच्या साबणदाणीत ठेवा, नाहीतर पातळ साबण वापरा. पातळ साबणाची बाटली संपत आली की त्यातच वरून ओतू नका. पूर्ण रिकामी करा, धुवा, वाळवा आणि मग भरा. हात पुसायला सगळ्यांत मिळून एकच टॉवेल ठेवायचा नाही.

आजी-आजोबांचे हातही दिवसातून अनेकदा धुतले गेले पाहिजेत. जेवणाआधी आणि शी-लघवीनंतर तर हमखास. ज्यांना उठता येत नाही त्यांच्यापाशी पसरट भांडं, साबण आणि कोमट पाणी घेऊन जा. जेवायला हातानं भाकरी मोडणाऱ्या माणसाला चमच्याची सवय लावण्यापेक्षा त्याचे हात धुऊन देणं सोपं असतं.

लॉकर लावायची रीत

हा या लेखाचा मुख्य भाग आहे, इथे जरा थांबून वाचा.

एखाद्या आजीचा लॉकर उघडा. वरच्या कप्प्यात देवाचा फोटो, त्याला टेकून कुंकवाची डबी आणि तुळशीची माळ. रुमालात गुंडाळलेली कवळी. खोबरेल तेलाची बाटली, तिच्या बुडाशी चिकटलेली धूळ. अर्धी कापलेली गोळ्यांची स्ट्रिप, तीही अशी कापलेली की नाव आणि मुदतीची तारीख गेलेल्या तुकड्यावर. वर्तमानपत्रात बांधलेला पेढा, नातवाच्या बारशाचा. मागे काळी पडलेली दोन केळी, त्यांवर चिलटं. खालच्या कप्प्यात लुगडी, आणि लुगड्यांच्या शेजारी दुपारी कोणीतरी घाईत सरकवून ठेवलेलं बेडपॅन.

यातली शेवटची गोष्ट त्या आजीची चूक नाही. ती आपल्यापैकी कोणीतरी केलेली असते.

माझी रीत अशी. तोंडात जाणाऱ्या वस्तू सगळ्यांत वर आणि झाकून: पाणी, ग्लास, खाऊचा डबा, कवळीची डबी. अंगाला लागणाऱ्या वस्तू मधल्या कप्प्यात: कंगवा, तेल, पावडर, मलम, चष्मा. कपडे त्याखाली. आणि शरीरातून जे बाहेर पडतं त्याचं भांडं लॉकरमध्ये कधीच नाही, जेवणाच्या ट्रेवर नाही आणि जमिनीवरही नाही. बेडपॅन आणि लघवीचं भांडं संडासाजवळच्या मांडणीवर, धुऊन, पालथं, वाळेल असं. प्रत्येकावर खाटेचा नंबर. पुरुषांना रात्री लघवीचं भांडं जवळ लागतं, त्यांच्यासाठी खाटेच्या पायथ्याकडच्या दांडीला अडकवायचा वेगळा हूक घ्या आणि वापरल्यावर लगेच रिकामं करा. ज्या टेबलावर ते भांडं ठेवलं जातं, त्याच टेबलावर सकाळी चहाचा कप ठेवला जातो. हे एकदा नीट पाहिलं की माणूस परत तसं करत नाही.

कवळी रुमालात किंवा कागदात गुंडाळू नका. जेवणाच्या ताटाबरोबर ती कचऱ्यात जाते आणि मग आजी महिनोन् महिने मऊ भातावर राहतात. नाव लिहिलेली झाकणाची डबी, त्यात साधं गार पाणी, रोज बदललेलं. गरम पाण्यानं कवळीचा आकार बिघडतो. रात्री कवळी काढून ब्रशनं घासा आणि तोंडही आतून पुसून घ्या. अंथरुणावरच्या माणसाचं तोंड अस्वच्छ राहिलं की ते जंतू लाळेबरोबर छातीत उतरतात आणि न्यूमोनिया होतो.

कंगवा, रेझर, नखं कापायचं यंत्र, टॉवेल, दात घासायचा ब्रश: ज्याचं त्याचं, नाव घातलेलं. एकाच रेझरनं रांगेनं सगळ्या आजोबांची दाढी करायची पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. ती तिथल्या तिथे थांबवा. कापलं की रक्त येतं आणि रक्तातून हेपटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. साखर तपासायला बोट टोचायचं पेनही एकाचं दुसऱ्याला लावायचं नाही, इन्सुलिनचं पेन तर मुळीच नाही. सुई नवी लावली तरी नाही, कारण पेनातल्या औषधात आधीच्या माणसाचं रक्त गेलेलं असू शकतं.

मलमाच्या ट्यूब आणि डोळ्यांचे थेंब यांवर नावाबरोबर उघडल्याची तारीख लिहा. डोळ्यांचे थेंब उघडल्यापासून साधारण चार आठवड्यांनी टाकून द्यायचे असतात, बाटलीवरची मुदत पुढची असली तरी. गोळ्या शक्यतो लॉकरमध्ये ठेवूच नका, त्या नर्सच्या कपाटात कुलपात. अपवाद दोनच: छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी आणि दम्याचा पंप, तेही डॉक्टरांनी सांगितलं असेल आणि माणूस शुद्धीवर, समजूतदार असेल तर. गोळी दिली की पाणी पिऊन गिळेपर्यंत तिथे उभे राहा. गालात धरून नंतर उशीखाली ठेवणारे पुष्कळ असतात.

आता सगळ्यांत नाजूक मुद्दा. लॉकर आवरताना आजी तुमचा हात धरतील आणि अहिराणीत म्हणतील, "ते मनं शे," म्हणजे ते माझं आहे. तेव्हा ओढाताण करू नका. आठवड्यातून एक ठरलेला दिवस ठेवा, आजींना खाटेवर टेकून बसवा आणि त्यांच्यासमोर, त्यांना विचारत एकेक वस्तू बाहेर काढा. खराब झालेलं त्यांनाच दाखवा, वास घेऊ द्या. "आजीमाय, हे आंबलंय, याच्याऐवजी दुपारी ताजं देते," म्हणा आणि दुपारी खरंच द्या. देवाचा फोटो पुसून परत होता तिथेच ठेवा. पैशाची पुरचुंडी असेल तर त्यांच्यासमोर मोजून नातेवाइकांना कळवा. काही केंद्रांत लॉकरमध्ये स्वतःची एकही वस्तू ठेवू देत नाहीत, स्वच्छतेचं कारण देतात. मला ते पटत नाही. फोटो आणि माळ यांनी कोणाला संसर्ग होत नाही. त्यांवर बसलेली धूळ आपण पुसायची असते.

खाऊ

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी येतात, सांजोऱ्या आणि पुरणपोळ्या आणतात. थंडीत वांग्याचं भरीत येतं. रावेर-यावलकडचे नातेवाईक केळ्यांचा घडच घेऊन येतात. हे सगळं आजींनी खाल्लं पाहिजे, मना करू नका. पण ओलं आणि कोरडं वेगळं धरा. बिबडे, शेव, लाडू असं कोरडं घट्ट झाकणाच्या डब्यात, नाव-तारखेची पट्टी लावून लॉकरमध्ये चालेल. भरीत, पुरणपोळी, आमरस, शिजवलेलं काहीही दोन तासांच्या आत संपवायचं किंवा फ्रिजमध्ये टाकायचं. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा खोलीतलं शिजलेलं अन्न एका तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. नळीतून द्यायचं पातळ अन्नही यातच येतं. ते दर वेळी ताजं करा. केळी देताना एक-दोनच जवळ ठेवा, बाकीची स्वयंपाकघरात.

तंबाखू आणि मिसरीची सवय असलेल्यांची पिकदाणी झाकणाची हवी, रोज ओतून हायपोनं (सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकानं) धुवायची. ती पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवायची नाही. कोणाचा खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालू असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या. क्षयरोगाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

अंथरूण आणि नळ्या

घाण झालेली चादर झटकू नका. घडी आतल्या बाजूला करत गुंडाळा, अंगाशी न धरता खाटेजवळच आणलेल्या पिशवीत टाका. शी असेल तर मोज्यांनी काढून संडासात टाका, मग चादर धुवायला द्या. खानदेशाचं ऊन या कामात मोठं सोबती आहे: कपडे, गाद्या, उशा आणि फरशी पुसायचे पोछे कडक उन्हात पूर्ण वाळवा. ओल्या पोछ्याचा ढीग बादलीत पडून राहिला तर सकाळी आपण फरशीवर जंतूच फिरवतो.

कॅथेटर असेल तर लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीखाली पण जमिनीला न टेकता. माणसाला खुर्चीत बसवताना पिशवी मांडीवर ठेवायची नाही. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा आणि तिची तोटी मापाच्या भांड्याला टेकू देऊ नका. दोन तासांनी कूस बदलणं आणि पाठ, टाचा, माकडहाड पाहणं हे अंथरुणाला खिळलेल्यांसाठी रोजचंच. लालसर डाग दिसला आणि दाबल्यावर पांढरा पडला नाही, तर तो बेडसोर (पडून राहिल्यानं होणारी जखम) सुरू झाला असं समजून लगेच सांगा.

ऑक्सिजनच्या बुडबुड्यांच्या बाटलीत नळाचं पाणी घालू नका. डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं घाला आणि उरलेल्यात भर न घालता रोज बदला. नेब्युलायझरची (औषधाची वाफ देणाऱ्या यंत्राची) वाटी आणि मास्क प्रत्येक वापरानंतर धुऊन, पालथे घालून कोरडे करा. मास्क एकाचा दुसऱ्याला नाही. आणि ऑक्सिजन चालू असलेल्या खाटेजवळ उदबत्ती, दिवा, बिडी, आणि तोंडाला-नाकाला लावायचं तेल किंवा व्हॅसलीन यांतलं काहीही नको. दिवाळीत आजी पणतीचा हट्ट धरतात. पणती दाराबाहेर लावा आणि त्यांना खुर्चीतून दाखवायला न्या.

उन्हाळा: इन्सुलिन आणि कूलर

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलं की ते फेकायचं, वितळवून वापरायचं नाही. वापरात असलेली बाटली बाहेर ठेवायची तर बहुतेक प्रकारांना चार आठवडे आणि 30 अंशांपर्यंत चालतं, पण मे महिन्यात आपल्या खोलीत 30 अंश असतात कुठे? वीज गेली आणि फ्रिज बंद पडला तर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत बाटली घाला आणि ती डबी ओल्या वाळूतल्या मातीच्या मडक्यात ठेवा. खिडकीच्या कठड्यावर ऊन येतं, तिथे कुठलंच औषध ठेवू नका. आणि औषधांच्या फ्रिजमध्ये आमरसाचं पातेलं शिरू देऊ नका.

कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढा, टाकीच्या आतल्या कडा घासा आणि उन्हात वाळू द्या. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली राहतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत. साठवणीच्या ड्रमांनाही हेच.

फरशी, कठडे आणि हायपो

खोलीत कोरडा झाडू मारू नका, धूळ उडून सगळ्यांच्या छातीत जाते. ओल्या पोछ्यानं स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे, वरून खाली पुसा. संडासाचा पोछा वेगळ्या रंगाचा ठेवा. ज्या जागांना सगळ्यांत जास्त हात लागतात त्या फरशीपेक्षा महत्त्वाच्या: कठडे, बेल, दाराच्या कड्या, दिव्याची बटणं, लॉकरची मूठ, व्हीलचेअरचे दांडे. त्या रोज किमान एकदा पुसायच्या, जुलाबाची साथ असेल तर अनेकदा.

हायपोचं गणित पाठ करा, कारण इथे अंदाजानं ओतायची सवय घातक आहे. आधी डब्यावर किती टक्क्यांचं आहे ते वाचा. 5 टक्क्यांचं असेल तर 1 लिटर पाण्यात 20 मिलिलिटर घातलं की रोजच्या पुसण्यापुरतं 0.1 टक्क्याचं होतं. रक्त किंवा शी सांडली तर 1 टक्का हवं, म्हणजे 1 भाग हायपो आणि 4 भाग पाणी. सांडलेल्यावर आधी कागद किंवा जुनं कापड टाका, वरून हायपो ओता, 10 मिनिटं थांबा, मग मोज्यांनी उचला आणि पुसा. नेहमीच्या जागा आधी साबणानं पुसा, मळावर हायपो काम करत नाही. द्रावण रोज ताजं करा. ऊन आणि उष्णता यांनी त्याची ताकद उतरते.

हायपो आणि संडासाचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. आणि फिनेल, हायपो, ॲसिड पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून ठेवणं आजच बंद करा. विसराळूपणाचा आजार असलेले आजोबा तहान लागली की बाटली उघडतात. सॅनिटायझरही अशा माणसाच्या हाताशी नको. ते तुमच्या खिशात किंवा दाराशी उंच लावलेलं बरं.

खरूज

हिच्यासाठी वेगळा परिच्छेद हवा, कारण अशा केंद्रांत ती एकदा शिरली की महिनोन् महिने हलत नाही. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, कमरेभोवती पुरळ दिसतं. "उन्हाळ्याचं घामोळं" म्हणून सोडून देतात. काही जण मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून लावतात, त्यानं खाज तात्पुरती दबते आणि किडे वाढतात. पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला दोन ते सहा आठवडे लागतात, तोवर तो इतरांना देत राहतो. म्हणून एकाला सापडली की त्या खोलीतले सगळे आणि त्यांना हाताळणारे सगळे, तुम्हीसुद्धा, एकाच दिवशी उपचार घ्या. डॉक्टर बहुधा पर्मेथ्रिन 5 टक्के मलम देतात. ते मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा, रात्री लावून 8 ते 14 तासांनी धुवायचं आणि आठवड्यानं पुन्हा लावायचं. वयस्करांच्या डोक्याला लावायचं का, ते डॉक्टरांना विचारा. कपडे-चादरी गरम पाण्यात धुवा. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून किमान तीन दिवस, मी तर आठवडाभर ठेवायला सांगते. औषधानंतरही दोन-चार आठवडे खाज राहते, ती पाहून रोज मलम लावत बसू नका. आणि ज्या घरच्यांनी आबांना मांडीवर घेतलं होतं त्यांना कळवा. लाज वाटते म्हणून ही गोष्ट लपवली जाते आणि तिथेच ती वाढते.

भेटायला येणारे

आपल्याकडे आजारी माणसाला बघायला अख्खी भाऊबंदकी येते. त्यांना दूर लोटू नका, आजी-आजोबा त्याच दिवसाची वाट बघत असतात. दाराशी हात धुवायची सोय करा, खाटेवर बसण्याऐवजी खुर्ची द्या, प्रवासाची पिशवी अंथरुणावर ठेवू देऊ नका. सर्दी-खोकला, ताप, जुलाब असणाऱ्याला बाहेरून बोलू द्या किंवा फोनवर. दोन खाटांत किमान 1 मीटर अंतर आणि खिडक्या उघड्या, एवढं नेहमीच असू द्या.

सुया आणि कचरा

सुईला टोपण परत लावू नका. सुया टोचणार नाहीत अशा पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात, नळ्या आणि पिशव्या लाल पिशवीत, रक्त-पू लागलेला कापूस आणि पट्ट्या पिवळ्या पिशवीत. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे हा कचरा 48 तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. सुई टोचली तर बोट पिळू नका, तोंडात घालू नका. साबण-पाण्यानं धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळायची औषधं पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, 72 तासांनंतर उपयोग नसतो. हेपटायटिस बीच्या लसीचे तीन डोस कामावर रुजू होतानाच सुरू करा.

कधी आवाज द्यायचा

वयस्करांना संसर्ग झाला तरी कधी कधी ताप येतच नाही. त्याऐवजी ते अचानक गोंधळतात, बडबडतात, जेवण सोडतात, पडतात किंवा दिवसभर झोपून राहतात. 100 अंश फॅरनहाइट त्यांच्या बाबतीत तापच धरा. "म्हातारपण आहे" असं म्हणून सोडू नका. ज्याला बोलता येतं त्याला त्याच्या बोलीत विचारा, "आबा, कोठे दुखस?" आपल्या भाषेत विचारलं की माणूस नेमकं सांगतो.

एकाच खोलीत तीन दिवसांच्या आत दोघांना जुलाब-उलट्या झाल्या, तर साथ सुरू झाली असं समजा. त्यांचा संडास वेगळा करा, त्यांना हाताळणारी माणसं तीच ठेवा, आणि लगेच प्रभारी सिस्टर किंवा डॉक्टरांना सांगा. ओआरएस करून 24 तासांच्या आत संपवा. तुम्हालाच जुलाब झाले असतील तर थांबल्यानंतर 48 तास कामावर येऊ नका, स्वयंपाकघरात तर अजिबात नाही. पगार कापतील या भीतीनं आजारी मुली कामावर येतात, हे मी पाहिलेलं आहे. केंद्र चालवणाऱ्यांनी हा पगार देऊन टाकावा. तो पुढच्या साथीच्या औषधांपेक्षा स्वस्त पडतो.

केंद्रात वृद्धांची हेळसांड होत असेल आणि आत कोणी ऐकत नसेल, तर 14567 या ज्येष्ठ नागरिकांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो.

ड्यूटी संपवून निघताना रजिस्टरमध्ये खाटेनिहाय लिहा: कोणाच्या शीचा रंग-प्रकार बदलला, कोणाच्या लघवीच्या पिशवीत किती आलं, कोणाची कूस शेवटची कधी बदलली, कुठली बाटली आज उघडली, कोणाच्या लॉकरमध्ये खाऊ ठेवला आहे आणि तो कधीपर्यंत चालेल. तोंडी सांगितलेलं चहा होईपर्यंत विसरलं जातं.